पिल्लांच्या रक्तातील जीवाणू नेमका कोणता? ९७.६ टक्के जुळणीचा अर्थ

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही तरुण पशुवैद्य आहात आणि इंदूरहून सांवेरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका वराहपालकाला सल्ला देता. त्याच्याकडे लहानमोठी चाळीसेक डुकरे आहेत. तीन आठवड्यांच्या दोन वेतांतील पिल्ले फिकट पडली, काहींना ताप आला, दोघा-तिघांच्या कानांच्या कडा निळसर झाल्या. रक्ताच्या स्लाइडवर ‘एपेरिथ्रोझून’ असा शेरा मिळाला. खात्री करण्यासाठी तुम्ही एका खासगी प्रयोगशाळेकडून १६एस जनुकाची (जीवाणू ओळखण्यासाठी वाचले जाणारे जनुक) पीसीआर, म्हणजे त्याच्या प्रती वाढवणे, आणि सिक्वेन्सिंग, म्हणजे त्याचा अक्षरक्रम वाचणे, करून घेतले. ४२० अक्षरांचा क्रम मिळाला, आणि तो मायकोप्लाझ्मा सुइसशी ९७.६ टक्के व मायकोप्लाझ्मा पार्व्हमशी ९७.१ टक्के जुळला. आता अहवालात कोणते नाव लिहावे, आणि जीवाणूचा संपूर्ण जीनोम (सगळा डीएनए) वाचून घेण्याइतका खर्च करावा का, असे तुम्ही विचारले आहे.

गेली २२ वर्षे इंदुरात जनावरांच्या रक्ताचे नमुने तपासण्याचे काम मी करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. जीवाणूचे नाव काय, हा एक. आणि पिल्लांच्या आजाराचा दोष त्याच्याकडे जातो का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर डीएनए देऊ शकतो, पण त्यासाठी त्याला योग्य जागी आणि पुरेशा लांबीचा प्रश्न विचारावा लागतो. दुसऱ्याचे उत्तर डीएनए एकटा कधीच देत नाही. माझ्या टेबलावर आलेले बहुतेक वादग्रस्त अहवाल या दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळेच वादग्रस्त ठरलेले आहेत.

मात्र या सगळ्याआधी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. ताप आणि निळसर कान हे शब्द डुकरांच्या बाबतीत वाचले की प्रथम आफ्रिकन स्वाइन फीव्हर आणि क्लासिकल स्वाइन फीव्हर या डुकरांच्या घातक विषाणुजन्य रोगांचा विचार करायचा, मग रक्तातील जीवाणूंचा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर आपल्या देशात २०२० मध्ये ईशान्येकडे प्रथम आढळला आणि २०२२ मध्ये तो आपल्याच राज्यात रीवा येथे पोहोचला, तेव्हा तो ‘लांबचा’ रोग राहिलेला नाही. तुमच्याकडे मोठी डुकरे ठणठणीत आहेत आणि आजार फक्त दोन वेतांपुरता मर्यादित आहे, म्हणून ती शक्यता कमी वाटते. परंतु एखादे मोठे डुक्कर अचानक दगावले तर शवविच्छेदन करू नका, रक्त सांडू देऊ नका आणि जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवा. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार तसे कळवणे बंधनकारक आहे आणि खात्रीच्या तपासणीसाठी नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे जातात. ज्या प्रयोगशाळेला तुम्ही रक्त पाठवता तिलाही ही शंका आधी सांगायला हवी, कारण तिथे नमुना हाताळणारी माणसे आणि त्यांचे कपडे उद्या दुसऱ्या गोठ्यात जाणार असतात.

आता नावाकडे वळू. स्लाइडवरचा ‘एपेरिथ्रोझून’ हा शेरा चुकीचा नाही, जुना आहे. १९५० मध्ये डुकरांच्या तांबड्या पेशींवर चिकटणाऱ्या दोन जीवाणूंना एपेरिथ्रोझून सुइस आणि एपेरिथ्रोझून पार्व्हम अशी नावे दिली गेली आणि पुढची पन्नास वर्षे त्यांना रिकेट्सियांच्या कुळात बसवले होते. १६एस जनुकाचा क्रम वाचल्यावर कळले की ते मायकोप्लाझ्मांचे भाऊबंद आहेत. २००१ मध्ये त्यांना मायकोप्लाझ्मा वंशात आणण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा आजच्या सुइसला ‘कॅन्डिडॅटस मायकोप्लाझ्मा हिमोसुइस’ असे नाव सुचवले होते (‘कॅन्डिडॅटस’ म्हणजे तात्पुरते नाव). लगेच नंतर ते बदलून मायकोप्लाझ्मा सुइस असे करण्यात आले. पुढे २०१७ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातील डुकरांत तिसरी, खरोखर वेगळी जात सापडली आणि तिला पुन्हा तेच हिमोसुइस नाव मिळाले. म्हणजे जीनबँकेत (डीएनए-क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात) किंवा जुन्या लेखात ‘हिमोसुइस’ दिसले तर ती नोंद कोणत्या सालची आहे हे पाहिल्याशिवाय तिचा अर्थ लावता येत नाही. हा तपशील किरकोळ वाटेल, पण नावाच्या या गोंधळामुळे एका शोधनिबंधाच्या मसुद्यात ‘नवी जात सापडली’ असे विधान मी स्वतः लाल शाईने खोडलेले आहे.

स्लाइड मी कमी लेखत नाही. गिम्सा रंगाने रंगवलेला, चांगला पातळ रक्तलेप हा गोठ्यातल्या पशुवैद्याच्या हातातला सर्वांत जलद पुरावा आहे. पण हे जीवाणू एक मायक्रॉनच्या आसपासचे किंवा त्याहून लहान असतात आणि तांबड्या पेशीवर बारीक ठिपके किंवा कडी असल्यासारखे दिसतात. रंगाचे कण, नीट न वाळलेल्या लेपातील बुडबुड्यांच्या खुणा आणि पेशीत उरलेले केंद्रकाचे तुकडे हेही तसेच दिसतात. शिवाय जीवाणू ठळकपणे दिसतात ते तापाच्या भरात. तो भर ओसरला की लेप कोरा येतो आणि जनावर मात्र वाहक राहते. पीसीआर नव्हती तेव्हा वाहक ओळखण्यासाठी संशयित डुकराचे रक्त प्लीहा काढलेल्या डुकराला टोचून ते आजारी पडते का हे पाहावे लागे. प्रयोगशाळेत हे जीवाणू कृत्रिम माध्यमावर वाढवता येत नाहीत. त्याचे कारण त्यांच्या जीनोमकडे पाहिले की उमगते: सुइसचा जीनोम सुमारे ७.४ लाख अक्षरांचा आणि पार्व्हमचा त्याहून लहान, सुमारे ५.६ लाखांचा आहे, तर आपल्या परिचयाच्या ई. कोलायचा ४६ लाखांच्या आसपास. स्वतःचे अन्न घडवण्याची बरीचशी यंत्रणा त्यांनी गमावली आहे आणि ते सर्वस्वी डुकराच्या रक्तावर अवलंबून आहेत. वाढवता येत नाही, म्हणून संवर्धनाने ओळख पटवता येत नाही. म्हणून डीएनएशिवाय खात्रीचा मार्ग उरत नाही.

तुमच्या टक्क्यांचा अर्थ आता काढू. ४२० अक्षरांत ९७.६ टक्के म्हणजे १० फरक, ९७.१ टक्के म्हणजे १२ फरक. तुमचा सगळा निर्णय दोन अक्षरांवर उभा आहे. या दोन जातींचे १६एस जनुक मुळातच एकमेकांच्या फार जवळचे आहे, त्यामुळे दोन अक्षरांच्या फरकावर त्यांच्यात निवाडा करणे धोक्याचे आहे. त्यातही पहिला संशय मी जीवाणूवर घेणार नाही, वाचनावर घेईन. सिक्वेन्सिंगमध्ये क्रमाची पहिली तीस-चाळीस अक्षरे अस्पष्ट येतात आणि शेवटाकडे आलेखातील शिखरे (एका अक्षराला एक शिखर) पसरट होत जातात. प्रयोगशाळेने तुम्हाला फक्त अक्षरांची फाइल पाठवली असेल तर मूळ क्रोमॅटोग्राम, म्हणजे शिखरांचा तो आलेख, मागून घ्या. तो देण्यास कोणतीही चांगली प्रयोगशाळा नकार देत नाही. त्या दहा फरकांपैकी किती फरक टोकांना आहेत ते मोजा. सात-आठ फरक टोकांच्या अस्पष्ट पट्ट्यात निघाले, तर टोके कापल्यावर जुळणी ९९ टक्क्यांच्या वर जाईल आणि चित्रच बदलेल. उलट दहाही फरक मधल्या स्वच्छ भागात, उंच आणि सुट्या शिखरांवर असतील, तर ती गोष्ट गांभीर्याने घेण्यासारखी आहे, आणि मग नमुना पुन्हा, दोन्ही दिशांनी वाचून घ्यायला हवा. एकाच दिशेने वाचलेल्या क्रमावर मी जातीचे नाव लिहीत नाही.

क्रोमॅटोग्राममध्ये आणखी एक गोष्ट पाहा. एकाच जागी दोन शिखरे एकावर एक आलेली आहेत का? एकाच डुकरात सुइस आणि पार्व्हम दोन्ही नांदू शकतात. त्यांचे १६एस एवढे सारखे आहे की समान प्रायमरने (पीसीआर जिथून सुरू होते त्या डीएनएच्या छोट्या तुकड्याने) दोघांचीही प्रत निघते आणि यंत्र त्या मिश्रणातून प्रत्येक जागी वरचढ अक्षर उचलून एक असा क्रम तयार करते जो प्रत्यक्षात कोणत्याही जीवाणूत नसतो. असा मिश्र क्रम जीनबँकेत शोधला की दोघांशीही मध्यम जुळणी दाखवतो, आणि तुमचे आकडे तसेच आहेत. फरकाच्या दहा जागांवर जर सुइस आणि पार्व्हम एकमेकांपासून वेगळे होत असतील आणि तिथे दुहेरी शिखरे असतील, तर तुमच्याकडे नवी जात नसून मिश्र संसर्ग आहे, असे मी म्हणेन. तेव्हा पीसीआरची प्रत क्लोन करून सुटे क्लोन वाचावेत, किंवा त्याहून सोपे म्हणजे प्रत्येक जातीसाठी स्वतंत्र प्रायमर वापरून दोन वेगळ्या चाचण्या कराव्यात.

ब्लास्टच्या, म्हणजे तुमचा क्रम जीनबँकेतील नोंदींशी जुळवणाऱ्या साधनाच्या, निकालात टक्क्यांच्या शेजारी क्रमाचा किती भाग जुळवला गेला तेही लिहिलेले असते. तिकडे लक्ष न देता पहिल्या ओळीचे नाव उचलण्याची सवय फार बोकाळली आहे. नोंद कोणी, कशाच्या आधारे केली, तीही केवळ जुळणीवरून नाव दिलेली आहे का, हे उघडून पाहावे. मी नेहमी नाव पक्के असलेल्या जातींचे संपूर्ण जीनोम घेऊन त्यांच्यातल्या १६एसशी तुलना करतो आणि सोबत वंशवृक्ष काढतो. तुमचा क्रम कोणाच्या फांदीवर बसतो हे टक्क्यांपेक्षा अधिक बोलके असते.

जातीचा निर्णय करायचाच असेल तर दुसरे जनुक घ्या. १६एस जनुक पूर्ण सुमारे १५०० अक्षरांचे आहे. तुमचे ४२० म्हणजे त्याचा तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भाग. आधी ते शक्य तितके पूर्ण वाचावे. मग आरएनएज पी या विकराच्या आरएनए घटकाचे जनुक, ज्याला आरएनपीबी म्हणतात, ते वाचावे. रक्तातील मायकोप्लाझ्मांच्या जवळच्या जातींमध्ये ते १६एसपेक्षा जास्त बदललेले असते, म्हणून भावंडांना वेगळे करण्यास ते अधिक उपयोगी पडते. सुइसची मात्रा मोजण्यासाठी त्याच्या एमएसजी-१ या पृष्ठप्रथिनाच्या जनुकावर आधारलेली पीसीआर वापरली जाते. हेच प्रथिन जीवाणूला तांबड्या पेशीला चिकटण्यास मदत करते. दोन जनुकांनी एकच नाव सांगितले की मी अहवालावर सही करतो. दोघांनी वेगवेगळी नावे सांगितली तर मी नाव लिहीत नाही, ‘रक्तातील मायकोप्लाझ्मा, जात अनिश्चित’ असे लिहितो आणि तसे लिहिण्यात मला संकोच वाटत नाही.

संपूर्ण जीनोमच्या खर्चाचे म्हणाल तर तुमच्या कामासाठी तो करू नका. या जीवाणूंचे शुद्ध संवर्धन नसते. रक्तातून काढलेल्या डीएनएत डुकराचाच डीएनए प्रचंड प्रमाणात असतो आणि तुम्ही पैसे मोजाल ते मुख्यतः डुकराचा जीनोम पुन्हा वाचण्यासाठी. क्रोमॅटोग्राम स्वच्छ, वाचन दोन्ही दिशांनी, जनुके दोन, आणि तरीही क्रम कोणत्याच ज्ञात जातीशी बसत नाही, असे झाले तरच तो विचार करू.

तुमच्या प्रयोगशाळेने ‘सार्वत्रिक’ १६एस प्रायमर वापरले की रक्तातील मायकोप्लाझ्मांसाठीचे, हे तुमच्या पत्रातून कळत नाही, आणि बरेच काही त्यावर अवलंबून आहे. सार्वत्रिक प्रायमर कोणत्याही जीवाणूला पकडतात. कानाच्या कातडीवरचे जीवाणू, डीएनए काढण्याच्या किटमधले अत्यल्प जीवाणू-अंश, इतकेच नव्हे तर रक्तात जीवाणू कमी असतील तेव्हा डुकराच्या पेशींतील मायटोकॉन्ड्रियाचे (स्वतःचा डीएनए असलेल्या पेशीतल्या घटकाचे) जनुकही त्यांना पुरते. पिल्लांच्या रक्तात कधी मायकोप्लाझ्मा हायोऱ्हायनिस उतरतो, तो सांधे आणि पोटातील आवरणे सुजवतो. त्याला ‘मायकोप्लाझ्मा पॉझिटिव्ह’ एवढाच शेरा मिळाला तर उपचाराचा सगळा विचार वेगळ्या दिशेला जातो. आणि १६एसची चाचणी कितीही चांगली झाली तरी तिच्या जाळ्यात न येणारे शत्रू असतातच. सर्रा रोगाचा ट्रिपॅनोसोमा आणि बबेसिया हे जीवाणू नाहीत, आदिजीव आहेत; फिकटपणा आणि ताप तेही आणतात, पण १६एस त्यांच्याबाबत मौन पाळते. त्यांच्यासाठी ताज्या रक्ताचा ओला लेप आणि रंगवलेली स्लाइड हाच पहिला उपाय आहे. म्हणून पीसीआर करणार असलो तरी स्लाइड मी कधी वगळू देत नाही.

नमुन्याविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण निकाल बिघडतो तो बहुतेक वेळा गोठ्यात किंवा रस्त्यात, यंत्रात नव्हे. हे जीवाणू तांबड्या पेशींवर आणि काही वेळा आतही असतात, म्हणून संपूर्ण रक्त हवे. सीरम चालत नाही आणि गुठळी झालेले रक्त शेवटचा पर्याय म्हणून घ्यावे. नळी जांभळ्या झाकणाची, म्हणजे ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची असावी. हिरव्या झाकणाच्या नळीतले हेपॅरिन पीसीआरला अडथळा करते. रक्तातले हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लाल घटक, तसाच अडथळा करते, म्हणून काढलेला डीएनए लालसर दिसत असेल तर तो पुन्हा स्वच्छ करायला सांगावे. लेप मात्र नळीतून काढू नका. कानाच्या शिरेतून थेंब घेऊन जागेवरच करा आणि लगेच वाळवा, कारण नळीत वेळ गेला की जीवाणू पेशींपासून सुटतात आणि रंगाच्या कणांपासून ओळखू येत नाहीत. साखर मोजायची असेल तर राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी वेगळी घ्या. जीवाणू आणि पेशी दोघेही नळीत साखर खात राहतात, त्यामुळे साध्या नळीतला आकडा खोटा कमी येतो. आणि तीव्र संसर्गात रक्तातील साखर खरोखरच घसरते, म्हणून तो आकडा विश्वासार्ह असणे गरजेचे आहे.

आपल्या माळव्यातल्या मे महिन्यात इंदूरच्या सरवटे बसस्थानकावर बाहेरगावाहून उतरवलेले नमुन्यांचे डबे मी पाहिलेले आहेत: बर्फाचे पाणी झालेले, नळ्या त्यात पोहत असलेल्या, चिठ्ठ्यांची शाई वाहून गेलेली. बर्फाच्या पिशव्या लशीच्या डब्यात भरा, नळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत वेगळ्या ठेवा आणि नावाऐवजी क्रमांक पेन्सिलीने लिहा. संपूर्ण रक्त गोठवू नका, थंड ठेवा आणि दोन दिवसांच्या आत पोहोचवा. थंड केलेल्या नळीच्या काचेवर बारीक रवाळ गुठळ्या दिसल्या तर घाबरू नका. नळी तळहातात धरून अंगाच्या उबेला आणा. गुठळ्या विरल्या तर त्या घडवणारे ते थंडीत तांबड्या पेशी एकमेकींना चिकटवणारे प्रतिपिंड आहेत, जे सुइसच्या संसर्गात तयार होतात. तुमच्या पिल्लांच्या निळसर कानांचे कारणही तेच असू शकते, कारण कानाचे टोक हा शरीराचा गार भाग आहे. ही खूण फुकटची आहे, पण केवळ तिच्यावर निदान उभे राहत नाही.

प्रत्येक जनावराला नवी सुई घ्या. आम्ही ज्याचा शोध घेतो तोच जीवाणू रक्त लागलेल्या सुईने पसरतो, हे नमुना घेताना विसरले जाते.

प्रयोगशाळेला विचारायचे प्रश्नही सांगतो. डीएनए काढताना सोबत कोरा नमुना, म्हणजे रक्त न घातलेली नळी, चालवला होता का, आणि तो कोराच आला का? डुकराच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाची प्रत त्याच नमुन्यातून निघाली का? पहिले नसेल तर ‘पॉझिटिव्ह’वर विश्वास ठेवता येत नाही, आणि दुसरे नसेल तर ‘निगेटिव्ह’वर. काही वर्षांपूर्वी मी ज्या प्रयोगशाळेत काम करत होतो तिथे सलग १४ नमुने पॉझिटिव्ह आले आणि सर्वांचा क्रम अक्षरशः एकसारखा होता. वेगवेगळ्या गावांतल्या डुकरांत एकही अक्षर वेगळे नाही, हे पाहून मी थांबलो. शोधल्यावर कळले की आदल्या आठवड्यात केलेल्या पीसीआरच्या नळ्या ज्या टेबलावर उघडल्या होत्या, तिथेच नवे मिश्रण भरले गेले होते. तीन पालकांना औषधोपचाराचा सल्ला तोवर दिला गेला होता. त्या दिवसापासून मिश्रण भरण्याची खोली आणि नळ्या उघडण्याची खोली वेगळी असल्याशिवाय मी काम करत नाही, आणि कोरा नमुना ही माझ्यासाठी औपचारिकता राहिलेली नाही.

निगेटिव्ह निकालालाही मर्यादा आहे आणि ती साध्या हिशेबाने कळते. २०० मायक्रोलिटर रक्तातून डीएनए काढून तो १०० मायक्रोलिटर द्रावणात घेतला आणि त्यातले ५ मायक्रोलिटर पीसीआरला वापरले, तर प्रत्यक्षात तपासणी झाली ती १० मायक्रोलिटर रक्ताची. एका मिलिलिटरमध्ये शंभर जीवाणू असतील तर तिथे सरासरी एकच येतो, आणि कित्येकदा एकही येत नाही. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिल्यानंतर जीवाणू नेमके याच पातळीला खाली जातात. म्हणून नमुना औषधाच्या आधी घ्यावा, हा माझा आग्रह असतो.

इथवर नावाचा प्रश्न झाला, आता दोषाचा. समजा, दोन जनुकांनी सुइस हे नाव पक्के केले. तरीही त्या गोठ्यातल्या निरोगी मादीच्या रक्तात तो सापडण्याची शक्यता भरपूर आहे. वाहक जनावरे पुष्कळ असतात आणि मादीकडून पिल्लांना तो गर्भातही जाऊ शकतो. पार्व्हम तर सहसा सौम्य मानला जातो. म्हणून मी आजारी पिल्लांसोबत त्याच गोठ्यातील धडधाकट वेतातील पिल्लांचे रक्तही मागतो आणि दोन्हींत मात्रात्मक पीसीआर, म्हणजे जीवाणू किती आहेत ते मोजणारी पीसीआर, करतो. तिथे प्रती वाढवण्याच्या प्रत्येक फेरीला चक्र म्हणतात, आणि प्रतींचा वक्र सुमारे ३.३ चक्रे आधी वर आला तर मात्रा दहापट असते. आजारी पिल्लांत वक्र २० व्या चक्राला आणि निरोगी पिल्लांत ३३ व्या चक्राला वर येत असेल, तर मात्रेत सुमारे दहा हजारपट फरक आहे आणि मी जीवाणूला दोषी धरीन. दोन्हींत तो ३३ च्या आसपासच असेल तर जीवाणू आहे, पण पिल्ले फिकट पडण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

ते दुसरे कारण तीन आठवड्यांच्या पिल्लांत फार वेळा लोह असते. वाढत्या पिल्लाला दिवसाला ७ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा अधिक लोह लागते आणि आईच्या दुधातून जेमतेम १ मिलिग्रॅम मिळते. मोकळी फिरणारी डुकरे माती उकरतात, त्यांना ही उणीव सहसा भासत नाही. सिमेंटच्या फरशीवर बांधून वाढवलेल्या पिल्लांना भासते. तुमच्या पालकाने अलीकडे फरशी केली आहे का, आणि पिल्लांना तिसऱ्या दिवसाच्या सुमारास २०० मिलिग्रॅम लोह-डेक्स्ट्रान टोचले होते का, हे आधी विचारा. हिमोग्लोबिन १०० मिलिलिटरमागे ९ ग्रॅमच्या खाली आणि लेपावर पेशी लहान, मध्यभागी फिकट दिसत असतील तर लोहाची कमतरता समोर येते. कावीळ, गडद लघवी आणि पेशी फुटल्याच्या खुणा असतील तर जीवाणूकडे बोट जाते. दोन्ही एकत्र असणेही मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि तेव्हा एकट्या औषधाने किंवा एकट्या लोहाने पिल्ले सुधारत नाहीत.

किती जनावरांचे रक्त घ्यावे, हे कळपातील प्रमाणावर अवलंबून आहे. कळपात ३० टक्के जनावरांना संसर्ग असेल तर दहा नमुने घेतल्यावर तो पूर्णपणे निसटण्याची शक्यता ३ टक्क्यांहून कमी असते. प्रमाण १० टक्केच असेल तर दहा नमुन्यांत तो निसटण्याची शक्यता ३५ टक्क्यांच्या घरात जाते. तुमच्या चाळीस जनावरांच्या कळपात मी दोन्ही आजारी वेतांतील प्रत्येकी तीन पिल्ले, त्यांच्या आया, एका निरोगी वेतातील तीन पिल्ले आणि त्यांची आई, असे बारा नमुने घेईन. खर्च वाचवण्यासाठी पाच नमुने एकत्र करण्याची पद्धत आहे, पण त्याने मात्रा पाचपट पातळ होते, म्हणजे सुमारे २.३ चक्रांचे नुकसान होते. आजारी पिल्लांत ते चालते, वाहक शोधताना चालत नाही.

थोडक्यात, आजच्या पुराव्यावर अहवालात ‘रक्तातील मायकोप्लाझ्मा, सुइस-पार्व्हम गट, जात निश्चित होणे बाकी’ इतकेच लिहा. क्रोमॅटोग्राम मागवा, तो इथेच जोडलात तर मी दुहेरी शिखरांच्या जागा तपासून सांगेन.

पिल्लांना मात्र या सगळ्यासाठी थांबवून ठेवू नका. सकाळी रक्त घ्या आणि त्याच दुपारी उपचार सुरू करा. या जीवाणूंना पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधे त्यांच्यावर चालत नाहीत; तुमच्या पत्रात आधी पेनिसिलिन दिल्याचा उल्लेख आहे, तेव्हा त्याने फरक न पडणे अपेक्षितच होते. दीर्घकाळ टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन किलोमागे २० मिलिग्रॅम स्नायूत द्या, पिल्लांना ऊब आणि तोंडाने ग्लुकोजचे पाणी द्या, लोह राहिले असेल तर तेही टोचा. औषधाने जीवाणू दबतो, सहसा नाहीसा होत नाही, हे पालकाला आजच सांगून ठेवा. उवा असतील तर त्यांचा बंदोबस्त करा, कारण डुकराची ऊ हा जीवाणू एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते. आणि खच्चीकरणाचे पाते, शेपूट कापण्याची कात्री आणि लोहाचे इंजेक्शन यांची चौकशी स्वतः उभे राहून करा. पूर्ण वेताला एकाच सुईने लोह टोचण्याची पद्धत मी कित्येक गोठ्यांत पाहिली आहे. तुमच्याकडे दोनच वेते आजारी आहेत. ती दोन्ही एकाच दिवशी, एकाच माणसाने, एकाच सुईने टोचली होती का, हे पालकाला विचारून मला कळवा.